शेवटचं रीळ

सेलूच्या टॉकीजला तेव्हा बायकांसाठी वेगळं दार होतं,
मुतारीच्या बाजूनं.
आम्ही तिघी गेलो. सासूबाई, मी, आणि थोरली जाऊ इंदर,
कडेवर तिचं पोर, फडक्यात मुरमुरे.
गुरुवारच्या बाजारात मुगाला भाव बरा आला होता,
त्यातले पैसे सासूबाईंनी चोळीतून काढून
खिडकीपाशी दोनदा मोजले.

पडद्यावर सून होती.
संगमरवरी जिना पुसायची,
आमच्या अख्ख्या गल्लीत मावला नसता असा जिना,
आणि पुसतानाही कपाळावरचं कुंकू जागचं हलत नव्हतं.
तिची सासू कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून खाली उतरायची
तेव्हा आमच्याकडची बाकं करकरायची.
शेजारी खैरूनबी. हिंदी आम्हाला कळत होतीच,
तरी ती एकेक वाक्य पुन्हा सांगायची,
जरा जास्तच तिखट करून.

ताट लाथेनं उडवलं तिथं
प्रयागबाई रडायला लागल्या. माझ्या सासूबाई.
पदर तोंडाशी, नाक ओढत,
"मुडदा बशिवला तुहा, लेकराला जेवू तरी दे!"
मागून कुणी शू केलं
तर तिचाही मुडदा बसवला.

आणि रडता रडता अंधारात माझा हात धरला,
मनगटाच्या चार बोटं वर,
जिथं उलथन्याचा डाग होता.
दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा. भाकर करपली होती.
खपली निघालेली, खालची कातडी अजून ओलसर गुलाबी.
अंगठा त्यावर आला. थांबला.
मी पडद्याकडे बघत राहिले.
त्याही.
हात काढला नाही त्यांनी. एवढंच मला पक्कं सांगता येईल.

मग सून जिन्यावरून उठली,
पहिल्यांदाच सासूच्या डोळ्यात बघितलं,
तोंड उघडलं,
आणि पडदा पांढरा झाला.

शेवटचं रीळ परभणीत होतं, पॅसेंजरनं यायचं होतं,
पॅसेंजर पूर्णेलाच अडकलेली.
मॅनेजर बॅटरी घेऊन आला,
म्हणाला, उद्या या, अर्धं तिकीट जपून ठेवा.
उद्या! उद्या कापूस वेचायला कोण, त्याचा बाप?

महिनाभर हापशावर शेवट चालू राहिला.
इंदर म्हणायची, सासूचा हात लुळा पडला.
खैरूनबीनं तिला ठाण्यात नेलं, वर जामीनही नाकारला.
कासाराची धुरपता म्हणाली, भाऊ आला असंल जीप घेऊन.
तिचा स्वतःचा चार वर्षांत आला नव्हता.
मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाले असते,
तिनं तोंड उघडलंय ना, तिथंच राहू द्या.

सासूबाईंनी कधी शेवट सांगितला नाही.
दुधावर झाकण ठेवलंस का, एवढंच,
आधीच्याच आवाजात.
उलथनं त्यानंतर दोनदा उचललं.
एकदा खाली ठेवलं.

परवा टीव्हीवर लागला तो. तीस-बत्तीस वर्षांनी.
त्यांना आता एकाच डोळ्यानं दिसतं, तेही धुरकट.
पडद्यावरचं मी सांगते, त्या ऐकतात.
मी तिखट करत नाही.
रीळ आलं एकदाचं.
त्या उघडलेल्या तोंडातून निघालं, "मांजी,"
आणि ती पाया पडली.
सासूनं उठवून छातीशी धरली, किल्ल्या तिच्या कमरेला खोवल्या,
आणि सगळं घर जिन्यावर
फोटोला उभं राहावं तसं उभं.

"काय झालं?"
मी सांगितलं.
बराच वेळ गप्प. तोंडात सुपारी नाही, काही नाही,
नुसतं चघळणं.
मग म्हणाल्या,
"असं नसतंय होत. बंद कर."

मी बंद केला.
भाकर दुधात कुस्करून आणली.
त्यांनी वाटीसाठी हात पुढं केला
तो माझ्या मनगटाच्या वर आला, चार बोटं.
तिथं आता हाताला काही लागत नाही.
अंगठा शोधत राहिला.
दूध निवत होतं.